बंद पडलेला धबधबा

रविवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला तेव्हा अंडी उकडून झाली होती, पावांना जॅम लावून झाला होता आणि ठकी बूट घालून तयार बसली होती. फोन रुग्णालयातून होता. एक्स-रे विभागात रविवारी असणारी बाई तापाने फणफणली होती आणि दुसरं कुणी मिळत नव्हतं.

"जावं लागणार," फोन ठेवत बायको म्हणाली.

"मग धबधबा पुढच्या रविवारी," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात जरा सुटकेचाच सूर होता, आणि तो बायकोच्या कानातून सुटला नाही.

"मुळीच नाही. तू ने त्यांना."

"मी? एकटा?"

"एकटा कसा? त्या दोघी आहेत ना तुला सांभाळायला." तिने भिंतीवर टाचणीने लावलेलं माहितीपत्रक काढून त्याच्या हातात दिलं. "वाच. 'सोपी वाट. पाऊण तास. लहान मुलांसाठी योग्य.' तूसुद्धा बसतोस त्यात."

आणि ती केस बांधत जिना उतरून गेलीसुद्धा.

हा माणूस दात बनवायचा. काढायचा नाही, बसवायचाही नाही, नुसता बनवायचा. दातांचे डॉक्टर लोकांच्या जबड्यांचे साचे घेऊन त्याच्याकडे पाठवत, आणि तो बाजारामागच्या गल्लीतल्या आपल्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून, प्लास्टर ओतून, मेण कोरून, बारीक कानशीने घासून कवळ्या तयार करायचा. आसपासचे सगळे त्याला 'कारागीर' म्हणत. त्रेचाळीस वर्षांचा होईपर्यंत तो एकटा राहिला आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. मग एकदा जिन्यावरून पडून मनगट मोडलं. एक्स-रे काढणाऱ्या बाईने "हात हलवू नका" असं ज्या आवाजात सांगितलं, त्या आवाजाला तो भुलला. आता लग्नाला सात महिने झाले होते. ती हाडं बघायची, हा दात करायचा. दोन मुली तिच्या पहिल्या लग्नाच्या. त्यांचे वडील चार वर्षांपूर्वी आजारपणात गेले होते. थोरली दहा वर्षांची होती आणि ठकी पाच.

मुली वाईट वागायच्या असं नाही. ताट उचलायच्या, दिवा बंद करायच्या, त्याच्या खुर्चीत बसायच्या नाहीत. पण सात महिन्यांत त्या दोघींनी त्याला एकदाही हाक मारली नव्हती. 'काका म्हणा' असं आईने सुचवलं होतं. दोघींनी मान डोलावली होती, आणि म्हटलं मात्र नव्हतं. त्यापायी थोरलीने एक वेगळीच भाषा तयार केली होती, जिच्यात कुणाचंच नाव लागत नसे. "मीठ हवं होतं," असं ती मिठाच्या बरणीकडे बघून म्हणायची. "दार उघडं राहिलंय," असं दाराला सांगायची. ठकीला एवढं जमायचं नाही. ती येऊन त्याची बाही ओढायची आणि काम झालं की बाही सोडून द्यायची.

कारागिराने कधी आग्रह धरला नाही. कवळी जबरदस्तीने दाबून बसवली की हिरडी सुजते, हे त्याला धंद्यानेच शिकवलं होतं. पण रात्री मुलींच्या खोलीतून कुजबुज आणि खिदळणं ऐकू आलं की त्याला वाटायचं, आपण या घरात राहतो खरे, पण अजून पायपुसण्यावरच उभे आहोत.

तर असे तिघं बसमध्ये बसले. ठकी खिडकीशी, थोरली मधे, कारागीर कडेला, मांडीवर खाऊची पिशवी. बस शेवटच्या थांब्याला पोचेपर्यंत थोरली फक्त एक वाक्य बोलली, तेही पिशवीला उद्देशून. "अंडी चेंगरतील."

थांब्यापाशी एक लाकडी फाटक होतं आणि त्यावर पाटी होती. धबधब्याकडे. पाऊण तास.

ज्याने ती पाटी रंगवली त्याला मुलंबाळं नसावीत. पहिला पाव तास तर फाटकातच गेला, कारण फाटक ढकलल्यावर कुरकुरत होतं आणि ते कुरकुरणं ठकीला सात वेळा ऐकायचं होतं. मग एक गोगलगाय रस्ता ओलांडत होती. तिचं ओलांडून होईपर्यंत थांबणं भागच होतं. मग काठी हवी झाली, मग त्याहून सरळ काठी हवी झाली, मग पहिलीच बरी होती म्हणून मागे जावं लागलं. वाट खरोखर सोपी होती. दोन्हीकडे झाडं, पायाखाली दाबून बसवलेली खडी, चढ असा की कळतही नव्हता. कारागीर घड्याळाकडे बघायचा आणि पुन्हा बाही खाली करायचा.

एका वळणावर वाट ओली होती. डावीकडच्या झुडपांतून पाणी येऊन, खडीवर पसरून, उजवीकडे उतरत होतं. थोरलीने थांबून ते नीट पाहिलं. कारागिराने ठकीला उचलून पलीकडे ठेवलं. तिथल्या ओल्या खडीत तिला एक पांढरा दगड सापडला. तिने बाही ओढून तो त्याला दाखवला.

"छान आहे," तो म्हणाला, आणि सवयीने दगड उजेडात धरून फिरवला. "पण पांढरा नाही हा."

"पांढराच आहे!" ठकी चिडली.

"छे. यात पिवळा आहे थोडा. आणि कडेला राखाडी. हा साठीच्या माणसाचा दात आहे. चहा भरपूर, सिगारेट नाही."

ठकीने तोंडाचा आ केला. मग खाली बसून तिने दुसरा दगड उचलला. "आणि हा?"

"हा तरुण माणूस. निळसर झाक बघ कडेला. नुकतीच नोकरी लागलेली आहे, सारखा हसतो."

"आणि हा?"

"हा..." त्याने डोळे बारीक केले. "ही एक बाई आहे. स्वभावाने कडक. पण एकटी असली की गुपचूप चॉकलेट खाते."

मागून फुर्र असा आवाज आला. थोरली हसली होती. तिने लगेच तोंड फिरवलं, पण पाच पावलं गेल्यावर तिनेही वाकून एक दगड उचलला, पाण्यात धुतला आणि त्याच्यापुढे धरला. "हा आमच्या गणिताच्या बाईंचा," ती म्हणाली. "वरचा, पुढचा. थोडा वाकडा."

"हा तर मीच दुरुस्त करून द्यायला हवा होता," कारागीर गंभीरपणे म्हणाला. यावर मात्र दोघी मनसोक्त हसल्या. पुढचा अर्धा तास ते तिघं वाट चालत नव्हते, दातच वेचत होते. ठकीचे खिसे इतके जड झाले की चड्डी घसरायला लागली आणि तिला एका हाताने ती धरून चालावं लागलं.

दोन तासांनी ते धबधब्यापाशी पोचले. म्हणजे, पाटीवर 'धबधबा' लिहिलं होतं, त्याच्याखाली पोचले.

समोर काळा कडा होता, फार उंच नाही. एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला तर वरच्याचा हात माथ्याला लागेल, एवढाच. खाली गुडघाभर पाण्याचं स्वच्छ डबकं. आणि कड्यावरून, नळाचा वॉशर गेल्यावर येते तशी, करंगळीएवढी धार. तीसुद्धा मधेच अडखळत होती.

बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या हातात मिटलेली छत्री, आजींच्या मांडीवर थर्मास.

"या," आजी म्हणाल्या. "आज धबधबा रजेवर आहे."

"रजेवर?" आजोबा कडाडले. "ही चक्क फसवणूक आहे! तीन वर्षांपूर्वी आलो होतो तेव्हा इथे उभं राहता येत नव्हतं तुषारांनी. मी वरपर्यंत तक्रार करणार आहे."

"वरपर्यंत म्हणजे ढगांकडे का?" आजींनी विचारलं आणि थर्मासचं झाकण फिरवलं.

ठकी त्या धारेकडे बघत राहिली. तिचा खालचा ओठ बाहेर आला. आता ही भोकाड पसरणार, या विचाराने कारागिराने घाईघाईने खाऊच्या पिशवीत हात घातला. पण ठकी रडली नाही. तिने त्याची बाही ओढली.

"बंद पडलाय," ती म्हणाली. "दुरुस्त करा."

"अगं, धबधबा कसा दुरुस्त..."

"इस्त्री केली होती ना दुरुस्त. घंटी पण केली होती."

"इस्त्रीची गोष्ट वेगळी, बाळा. पाणीच कमी असेल तर..."

"पाणी कमी नाहीये," थोरली म्हणाली.

ती हे दगडाला किंवा बाकाला सांगत नव्हती. सरळ त्याच्याकडे बघून सांगत होती. "मघाशी वाटेवर पाणी आलं होतं ना आडवं? तिथे पूल नव्हता, पाइपही नव्हता. म्हणजे रोज तिथे पाणी येत नसणार. पाणी आहे. ते चुकीच्या बाजूने चाललंय."

कारागीर तिच्याकडे बघतच राहिला. आजोबाही बघत राहिले. "ही पोरगी कुणाची?" त्यांनी विचारलं. प्रश्न साधाच होता, पण कारागीर उत्तराची जुळवाजुळव करू लागला.

"आमच्या आईची," ठकीने सांगून टाकलं.

कड्याच्या बाजूने वर जायला दगडी पायऱ्या होत्या आणि लोखंडी कठडा. तीस पायऱ्या ठकीने मोजल्या, त्यात एकोणीस दोनदा आलं. वर आल्यावर सगळा उलगडा झाला. ओढा म्हणजे जेमतेम पोटरीभर पाणी होतं, पण खळाळून येत होतं. कड्यापासून वीसेक पावलं अलीकडे दोन मोठे दगड होते, आणि त्यांच्यामधे एक मोडलेली फांदी आडवी अडकली होती. फांदीला पाला, पाल्यात चिखल, चिखलात कुणीतरी टाकलेली प्लास्टिकची गोणी. असा बांध तयार होऊन सगळं पाणी डावीकडे झुडपांत वळत होतं.

"कठड्याच्या आत थांबायचं," कारागिराने बजावलं. "काही झालं तरी."

त्याने बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात पाय घातला. पाणी इतकं गार होतं की त्याच्या तोंडून एक असा आवाज निघाला, जो त्याने त्या दोघींसमोर कधीच काढला नव्हता. ठकी खुश झाली.

तो कामाला लागला. आधी बारीक कचरा, मग मोठा. हातात काम आलं की त्याची भीड चेपायची. पाल्याचे गोळे तो कठड्याशी आणून द्यायचा, थोरली ते घेऊन मागे टाकायची, ठकी त्यांवर नाचून ते नीट दाबायची. गोणी निघाली. चिखल निघाला. एक उजव्या पायाची चप्पल निघाली. शेवटी उरली ती फांदी.

आयुष्यात हजारो दात बनवलेल्या त्या माणसाने एकही दात उपटला नव्हता. त्याने फांदी दोन्ही हातांनी धरली, डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली. ती कुरकुरली. त्याने एक पाय दगडाला लावला, दुसरा फांदीच्या पलीकडे रोवला आणि सगळं अंग मागे झोकलं. फांदी सुटायला लागली. तिच्या मागे तुंबलेलं पाणी फुगलं. त्याचा पाय नेमका त्या दोन दगडांच्या मधल्या फटीत होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

"दातोबा!" थोरली जिवाच्या आकांताने ओरडली. "दातोबा, पाय! पाय काढा!"

त्याने पाय उचलला आणि तो पाण्यात मागे फतकल मारून बसला. त्याच क्षणी फांदी निसटली, गर्रकन फिरली, दगडाला आपटून बाजूला काठावर चढून बसली, आणि साठलेलं सगळं पाणी त्या फटीतून घुसलं. वीस पावलं पलीकडे कड्यापाशी ते उसळलं आणि दिसेनासं झालं.

मग खालून धबाबा आवाज आला, आणि त्या आवाजात मिसळून एक किंकाळी.

तिघंही धावत पायऱ्या उतरले. कारागीर अनवाणी, ठकी त्याच्या काखेत. खाली आजोबा कड्याला टेकून, गुडघाभर पाण्यात उभे होते. धारेला हात लावून बघावं म्हणून ते उठून गेले होते, आणि नेमका तेव्हाच धबधबा कामावर रुजू झाला होता. टोपीपासून बुटांपर्यंत त्यांचा एक धागा कोरडा नव्हता. हातात छत्री होती, मिटलेली. आजी बाकावर पोट धरून हसत होत्या. हसता हसता डोळे पुसत होत्या आणि पुन्हा हसत होत्या.

"लागलं का कुठे?" कारागीर त्यांच्याकडे धावला.

आजोबांनी मान हलवली. मग ते काहीतरी बोलले. "माफे... माफे दाफ!"

"काय?"

"दाफ! दाफ गेले!"

आणि त्यांनी आपल्या बोळक्या तोंडाकडे बोट दाखवलं. ओरडले तेव्हा वरची कवळी तोंडातून सुटून धबधब्याबरोबर गेली होती.

मग काय विचारता! पाचही जण त्या डबक्यात उतरले. आजी साडी खोचून, थोरली वाकून, दगडांखाली हात घालत. वरून नवाकोरा धबधबा कोसळत होता, तुषारांनी सगळे न्हाऊन निघत होते, आणि तळाशी असतील नसतील तेवढे पांढरे दगड दातांसारखे चकाकत होते. कारागिराने चार वेळा दगडच उचलले. शेवटी ठकी किंचाळली.

"मला पाण्याने चावलं!"

तिच्या टाचेखाली कवळी होती. अख्खी, टवका न उडालेली. कारागिराने ती उचलली, उजेडात धरून फिरवली, अंगठ्याने कड चाचपली.

"कुणी बनवली ही?" त्याने विचारलं. "टाळूकडे किती ढिली ठेवलीय! जेवताना हलत असेल."

आजोबांनी थक्क होऊन मान डोलावली.

"मंगळवारी माझ्या खोलीवर या. अर्ध्या तासाचं काम आहे. परत धबधब्यात काय, समुद्रात पडलात तरी निघणार नाही." मग त्याने ती थर्मासमधल्या कोमट पाण्याने धुऊन दिली. दात बसवल्यावर आजोबांचं पहिलं वाक्य आलं. "मघाशी म्हटलं नव्हतं मी, इथे उभं राहता येत नाही तुषारांनी?"

म्हातारा-म्हातारी उन्हात कपडे वाळवायला दूर जाऊन बसली. हे तिघं बाकावर बसले. अंडी खरोखरच चेंगरली होती. ती पावात घालून खाल्ली, जॅमवरच, आणि तशी इतकी चांगली लागली की ठकीने दोन मटकावली. मग कारागीर हलकेच म्हणाला, "मघाशी तू मला काय म्हणालीस?"

थोरलीचे कान लाल झाले. "काही नाही."

"ते गुपित आहे," ठकी तोंडात घास ठेवून म्हणाली. "आमच्या खोलीतलं. दातोबा म्हणजे तुम्ही."

"ठके!"

"कधीपासून?" त्याने विचारलं.

आता लपवण्यात अर्थ उरला नव्हता. थोरलीने पावाची कड कुरतडत सांगून टाकलं. "पहिल्यांदा आमच्याकडे आलात ना, तेव्हापासून. तुम्ही रुमाल काढला आणि खिशातून एक दात पडला. तुम्ही पटकन त्यावर पाय ठेवला आणि तासभर तो उचललाच नाहीत. आम्ही मोजत होतो."

कारागिराला ती दुपार लख्ख आठवली. कुणी पाहिलं नाही अशा भ्रमात तो आजवर होता.

"रागावलात?" थोरलीने विचारलं. "काका म्हणणार होतो आम्ही. पण काका म्हटलं की पाहुणे वाटता. चहा पिऊन जाणारे. आणि बाबा म्हणजे..." ती थांबली. धबधब्याकडे बघत राहिली. "बाबा म्हणजे बाबाच होते."

"ते तसंच राहू दे," तो म्हणाला. "तेच बरोबर आहे."

दाराआडची ती रोजची कुजबुज त्याला आठवली. ज्या घरात आपल्याला नाव नाही असं तो समजत होता, तिथे त्याचं बारसं पहिल्याच दिवशी उरकलं होतं. फक्त त्यालाच आमंत्रण नव्हतं.

"दातोबा," ठकी म्हणाली. आता मोकळीक मिळाल्यामुळे तिला थांबवणं अवघड होतं. "दातोबा, तुमचे बूट कुठे आहेत?"

बूट वरच राहिले होते, ओढ्याच्या काठी. एक तिथे होता. दुसरा पाणी वाढल्यावर धबधब्यावरून खाली आला होता आणि डबक्यात मोज्यासकट तरंगत होता. तो थोरलीने काठीने ओढून काढला, उपडा केला आणि त्यातून पडलेल्या इवल्याशा माशाला परत पाण्यात सोडलं.

परतीची वाट मात्र खरंच पाऊण तासात झाली, कारण ठकी त्याच्या खांद्यावर होती आणि थोरली पुढे. त्याचा ओला बूट दर पावलाला चुळुक वाजत होता, आणि दर चुळुकेला ठकी वरून तोंडाने तसाच आवाज काढत होती. समोरून एक कुटुंब येत होतं, तीन मुलं, घामाघूम झालेली आई, कडेवर तान्हं घेतलेले वडील.

"काय हो," त्या बाईने विचारलं, "पुढे धबधबा चालू आहे का? परवा येऊन गेलेले लोक म्हणत होते, बंद आहे म्हणून."

कारागीर उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात थोरली पुढे झाली. तिने आधी कंबरेवर हात ठेवले.

"चालू आहे," ती म्हणाली. "आम्हीच केला चालू. दातोबांनी ओढला आणि मी सांगितलं कुठून ओढायचा ते."

"आणि मी सापडवले दात!" ठकी वरून ओरडली.

त्या बाईने कारागिराकडे पाहिलं. ओली पँट, केसांत पाला, खांद्यावर चिखलाने माखलेली पोर.

"अगदी खरं आहे," तो म्हणाला. "फक्त त्या कड्याच्या अगदी खाली उभे राहू नका." आणि तिघंही बस गाठायला फाटकाकडे पळत सुटली.